स्टेनलेसवर टीप टिकत नाही, तातडीने मदत हवी आहे

मायक्रॉन
लेथवर स्टेनलेस स्टीलचे शाफ्ट टर्न करतोय. माइल्ड स्टीलवर मस्त चालणारी कापायची टीप इथे थोड्याच जॉबमध्ये जाते. फीड (एका फेऱ्यात टीप किती सरकते) कमी केला, आणखी कमी केला, तर प्रकार वाढलाच. चिपचा (निघणाऱ्या किसाचा) गुंता जॉब धरणाऱ्या चकभोवती. माल उद्या द्यायचाय. आकडे सांगा, थिअरी नको.

फिरता चक
ग्रेड कुठला? ३०३, ३०४ की ३१६? व्यास? टीप कुठली? आत्ता कशावर चालवताय? एवढं सांगितल्याशिवाय आकडे कसे देणार?

मायक्रॉन
३०४, दुसरं काय असणार. व्यास ३२ मिमी, १८०० आरपीएम, फीड ०.०५ मिमी, डेप्थ (एका पासात किती खोल कापतो) ०.२ मिमी. कूलंट चालू आहे.

जुना टर्नर
४०० आरपीएमवर आणा. स्टेनलेसला घाई चालत नाही. आयुष्यभर एचएसएसने (हाय स्पीड स्टीलच्या टूलने) असंच केलंय, कधी अडलं नाही.

फिरता चक
काका, एचएसएसला त्याहूनही कमी लागतो, पण यांची टीप कार्बाइडची असणार. ३२ व्यासाला ४०० म्हणजे मिनिटाला ४० मीटर. एवढ्या कमी स्पीडला मटेरियल धारेला चिकटतं आणि सुटताना कोटिंगचा कपचा घेऊन जातं.

जुना टर्नर
मग १८०० बरोबर का?

फिरता चक
नाही, ते १८० मीटर झाले. ३०४ माइल्ड स्टीलच्या तिपटीने कमी उष्णता वाहून नेतं, त्यामुळे ताप धारेतच साठतो. पण खरा घोळ फीड आणि डेप्थमध्ये आहे. टीपची धार सूक्ष्म पातळीवर गोलसर असते. ०.०५ फीडला ती कापण्यापेक्षा घासतेच जास्त. घासलं की ३०४ चा वरचा थर कडक होतो, आणि पुढचा ०.२ चा पास त्या कडक कातडीला लागूनच जातो. मटेरियल किती काढायचंय? टीपच्या डब्यावर कुठल्या रंगाची पट्टी आहे?

चकाकी
टर्निंगनंतर सायट्रिक अॅसिडने पॅसिव्हेशन (वरचे लोखंडाचे कण काढणं) नक्की करा, नाहीतर लोखंडाच्या कणांमुळे डाग येतात.

लोहचुंबक
आधी चुंबक लावा. चिकटला तर ते ३०४ नाहीच.

फिरता चक
थंड ओढलेल्या ३०४ बारलाही चुंबक थोडा चिकटतो. त्यावरून ग्रेड ठरत नाही.

मायक्रॉन
ते जाऊ द्या. बाजूला २ मिमी काढायचंय, दहा पास मारतोय. टीप सीएनएमजी १२०४०८, डबा निळ्या पट्टीचा. डेप्थची रेघ पडते तिथे धारेला खाच पडते.

फिरता चक
खाच पडते म्हणजे कडक थरच. निळी पट्टी साध्या स्टीलची, स्टेनलेसला पिवळ्या पट्टीची एम ग्रेड घ्या, चिपब्रेकर (टीपवरची चिप तोडणारी घडण) सुद्धा स्टेनलेसचाच. १३०० आरपीएम, फीड ०.२, डेप्थ १.५, एकाच पासात रफिंग. उरलेलं ०.५ फिनिशला. कूलंटची धार थेट टीपवर हवी, चकवर नाही.

मायक्रॉन
पिवळी मिळाली. रफिंगला टीप टिकतेय, चिपही तुटतेय. ड्रॉइंगवर आरए (पृष्ठभागाचा खडबडीतपणा) १.६ आहे, फिनिशला पुन्हा ०.०५ करू?

फिरता चक
अजिबात नको. टोकाला ०.४ मिमी रेडियस असलेली टीप, फीड ०.१२. हिशोबाने आरए १.१ च्या आसपास येतो.

जुना टर्नर
शाफ्ट लांब असेल तर १.५ डेप्थला थरथरेल. लांबी किती? दुसऱ्या टोकाला आधाराचा टेलस्टॉक लावलाय का?