मंकीजना ‘खोटा बँड’ म्हणणं थांबवा

तबकडीवेडा (धागाकर्ता):
बीटल्सचा विषय निघाला की मंकीज या साठच्या दशकातल्या अमेरिकी बँडला ‘टीव्हीसाठी बनवलेला खोटा बँड’ म्हणून झटकून टाकलं जातं. मला हे अजिबात पटत नाही.

बीटल्सचा १९६४चा ‘अ हार्ड डेज नाइट’ हा सिनेमा डोळ्यासमोर ठेवून बॉब राफेलसन आणि बर्ट श्नायडर या निर्मात्यांनी एका बँडवरची टीव्ही मालिका आखली, हे मान्य. १९६५मध्ये ‘चार वेडी पोरं हवीत’ अशी जाहिरात दिली, चारशेच्या वर पोरं आली, त्यातून चौघं निवडले: माइक नेस्मिथ, पीटर टॉर्क, मिकी डोलेन्झ आणि डेव्ही जोन्स. सप्टेंबर १९६६मध्ये एनबीसी या अमेरिकी वाहिनीवर मालिका सुरू झाली. पहिल्या दोन अल्बमवर आवाज त्यांचे, वाद्यं बहुतेक स्टुडिओतल्या वादकांची. पण नेस्मिथ आणि टॉर्क आधीपासून वाजवणारे होते. दुसरा अल्बम तर चौघांना न विचारताच बाजारात आला. जानेवारी १९६७मध्ये बेव्हर्ली हिल्सच्या हॉटेलात संगीतप्रमुख डॉन कर्शनरसोबत बैठक झाली. तिथे कराराची आठवण करून दिल्यावर नेस्मिथने ठोसा मारून भिंतीला भोक पाडलं. पुढच्याच महिन्यात कर्शनरची गच्छंती झाली आणि ‘हेडक्वार्टर्स’ हा तिसरा अल्बम या पोरांनी स्वतः वाजवला. एवढं भांडून मिळवलेलं संगीत खोटं कसं?

उलटा ताल:
असहमत. भिंतीला भोक पाडल्याने आधीचे दोन अल्बम खरे होत नाहीत. दुसऱ्या अल्बममधलं नेस्मिथचंच ‘मेरी, मेरी’ घ्या: ड्रमवर हॅल ब्लेन, गिटारवर जेम्स बर्टन आणि ग्लेन कॅम्पबेल, सगळे स्टुडिओतले वादक. पडद्यावर मात्र मिकी डोलेन्झ ड्रम बडवताना दिसायचा, आणि त्याला मालिकेत घेतल्यावर ड्रम शिकवले होते! ज्यांनी वाजवलं त्यांची नावं अल्बमवर नव्हती. माझा राग यावर आहे. ‘हेडक्वार्टर्स’वरही बरंचसं बास निर्माता चिप डग्लसने वाजवलंय, आणि पुढच्याच अल्बमला बाहेरचे वादक परत आले.

सांजवेळ:
पण मग त्याच काळातल्या बर्ड्स या अमेरिकी बँडचं काय? त्यांच्या पहिल्या गाजलेल्या ‘मिस्टर टॅम्बरीन मॅन’वर बँडमधल्या फक्त रॉजर मॅग्विनने वाजवलंय, बाकी हेच स्टुडिओवाले. त्यांना कुणी खोटं म्हणत नाही. आणि आपण तर पार्श्वगायनावर वाढलेली माणसं. पडद्यावर ओठ एकीचे, गळा दुसरीचा, यात आपल्याला कधी फसवणूक वाटली नाही.

उलटा ताल:
ताई, उदाहरण चांगलं दिलंत, पण ते माझ्याच बाजूचं आहे. १९४९च्या ‘महल’ सिनेमाच्या तबकडीवर लताबाईंचं नाव नव्हतं, पात्राचं ‘कामिनी’ हे नाव छापलं होतं. ते चूकच होतं. इथेही तसंच.

सांजवेळ:
नावाबद्दल सहमत. पण त्याचं खापर पोरांवर नको. करार त्यांनी लिहिला नव्हता. शिवाय मालिका म्हणूनही ती बघा ना, १९६७मध्ये सर्वोत्कृष्ट विनोदी मालिकेचं एमी, म्हणजे अमेरिकेतलं टीव्हीचं मोठं पारितोषिक, मिळालंय तिला. मला डेव्ही जोन्सचं फार वाटतं. ९ फेब्रुवारी १९६४ला बीटल्स एड सलिव्हनच्या अमेरिकी टीव्ही कार्यक्रमात पहिल्यांदा गायले, त्याच रात्री त्याच मंचावर तो ‘ऑलिव्हर!’ या संगीत नाटकाच्या संचातून गाऊन गेला होता. दोन वर्षांत त्याला त्यांच्यासारखंच व्हायला सांगितलं गेलं.

तबकडीवेडा:
@उलटा ताल, चिप डग्लसचा मुद्दा बरोबर आहे. तरी ‘हेडक्वार्टर्स’मधलं शेवटचं गाणं, ‘रँडी स्काउस गिट’, एकदा हेडफोन लावून ऐका. इंग्लंडमध्ये ते ‘ऑल्टरनेट टायटल’ या नावाने निघालं आणि दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. डोलेन्झने लंडनमध्ये बीटल्सच्या मेजवानीनंतर लिहिलेलं, बीटल्सचा उल्लेखही त्यात आहे. टिंपनीचे, म्हणजे मोठ्या नगाऱ्यासारख्या ड्रमचे, ते घुमणारे ठोके त्याचेच. कडव्यात तो हळू, जवळजवळ गप्पा मारल्यासारखा गातो आणि ध्रुवपदाला एकदम ओरडत सुटतो. दीड वर्षापूर्वी ड्रमच्या काठ्या कशा धरायच्या हेही त्याला ठाऊक नव्हतं. हा अल्बम अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला, पुढच्याच आठवड्यात बीटल्सच्या ‘सार्जंट पेपर’ या अल्बमने त्याला खाली ढकललं. मग तो अकरा आठवडे दुसऱ्या क्रमांकावर होता. बीटल्सच्या मागे दुसरा!

उलटा ताल:
आज रात्री ऐकतो, शब्द दिला. पण ‘मेरी, मेरी’वर हॅल ब्लेनचं नाव हवं होतं. त्यावरून मी हटणार नाही.