'करतो' आन् 'करायलो': इंग्रजीत आयएनजी कधी लावायचं?

औसारोड_24:
नमस्कार मंडळी. मी औसा तालुक्यातला, सध्या लातूरला रूम करून बँकेच्या परीक्षांची तयारी करायलोय. एम, इज, आर आन् पुढं आयएनजी हे सूत्र मला पाठ हाय, मेकिंग लिहिताना मेकचा ई जातो, रनिंगला एन डबल होतो, लायचं लाईंग होताना आयई जाऊन वाय येतो, सगळं येतं. अडचण ही की कधी लावायचं तेच कळत नाही. मागच्या महिन्यात एका ठिकाणी मुलाखत झाली, तिथं विचारलं व्हॉट डज युवर फादर डू, मी म्हणलो माय फादर इज वर्किंग इन द फील्ड. समोरचे म्हणले, राईट नाऊ? मी यस सर म्हणलो कारण वडील खरंच त्या टायमाला सोयाबीन काढायले होते. बाहेर आल्यावर दोस्तानं सांगितलं की ते धंदा विचारत होते. तेव्हापासून बोलायचीच धास्ती बसली. कुणीतरी नीट समजून सांगा.

दुधनाकाठ:
भाऊ, धास्ती घेऊ नका, फरक तुम्हाला येतो, वरच तुम्ही 'तयारी करायलोय' आन् 'सूत्र येतं' असं दोन्ही बरोबर लिहिलंय. मी सेलूकडं पोरांना इंग्रजी शिकवतो आन् हेच सांगतो की आपली बोली इथं लई कामाची हाय. पुण्याकडं फोनवर 'काय करतोस' म्हणलं तर नोकरी विचारली का आत्ताचं विचारलं ते अंदाजानं घ्यावं लागतं. आपल्याकडं तसं नाही. 'काय करतोस' म्हणजे कामधंदा, 'काय करायलास' म्हणजे ह्या घडीला. इंग्रजीतबी अगदी हीच वाटणी हाय, व्हॉट डू यू डू आन् व्हॉट आर यू डूइंग. म्हणून वाक्य आधी मनात घरच्या बोलीत बोला. 'वडील शेती करतात', आयलो नाही, मग आयएनजी नाही, ही इज अ फार्मर म्हणा. 'वडील पेरायलेत', म्हणजे तिफण आत्ता चालू हाय, ही इज सोइंग. पोरांना बोलीवरून हिणवतात त्याचं मला लई वाईट वाटतं, कारण जे व्याकरण तासभर समजवावं लागतं ते ह्या लेकरांच्या तोंडात आधीच असतं.

भूतकाळातबी हेच चालतं. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी यायलं होतं, तर ट्रेन्स वेअर ब्रिंगिंग वॉटर टू लातूर. एक गोष्ट चालू असताना मधीच दुसरी झाली तर चालू असलेलीला आयएनजी आन् मधी घुसलेलीला साधा भूतकाळ. 'मी जेवायलो होतो तेव्हा लाईट गेली', आय वॉज ईटिंग व्हेन द लाईट्स वेंट आऊट. उद्या ह्या टायमाला पेपर लिहायलो असन, आय विल बी रायटिंग. फक्त 'खायला दे', 'भेटायला आलो' मधला आयला वेगळा, तो कशासाठी ते सांगतो, त्याला ह्यात ओढू नका.

उदगीरची_लेक:
सरांचं पटलं. आमच्याकडं 'करूलालो' म्हणतात पण हिशोब तोच. एका जागी मात्र मी स्वतः खूप दिवस चुकत होते म्हणून सांगते. आपण म्हणतो बाबा झोपलेत, पोरगी खुर्चीवर बसलीय, तिनं चष्मा घातलाय. आपल्या हिशोबानं बसायची क्रिया होऊन गेली, आता नुसती अवस्था उरली. इंग्रजीत ती अवस्थाच चालू धरतात, म्हणून बाबा इज स्लीपिंग, शी इज सिटिंग, शी इज वेअरिंग ग्लासेस. चित्र बघून वर्णन करा असा प्रश्न आला की सगळे इथंच अडकतात. तसंच आईनं हाक मारली की आपण जागेवरूनच 'आले आले' म्हणतो, ते आय केम नाही, आय ॲम कमिंग. 'चालले मी' म्हणजे आय ॲम लीव्हिंग.

देगलूरकर_हैदराबाद:
ताई, याची उलटी बाजूपण आहे आणि तिथं सरांची युक्ती फसते. मी फोनवर कस्टमरशी बोलायचं काम करतो. सुरुवातीला लाईन खराब असली की 'ऐकू यायलंय का' हे डोक्यात यायचं आणि तोंडातून आर यू हिअरिंग मी निघायचं. सिनियरनं बसवून सांगितलं, कॅन यू हिअर मी म्हण. जे आपण करत नाही, आपोआप होतं किंवा असतं, तिथं आयएनजी सहसा लागत नाही, मग बोलीत काही का असेना. मला कळायलंय, आय अंडरस्टँड. मला दिसायलंय, आय कॅन सी. नो, वाँट, बिलाँग यांचंपण तेच. थिंक आणि हॅव दोन्हीकडचे आहेत, ते जपून. 'मला असं वाटायलंय' म्हणजे आय थिंक, पण 'मी विचार करायलोय' म्हणजे आय ॲम थिंकिंग. मला दोन भाऊ आहेत, आय हॅव टू ब्रदर्स, इथं हॅविंग म्हणणारे रोज भेटतात, आणि जेवायलोय म्हणायचं असलं तर आय ॲम हॅविंग लंच एकदम बरोबर.

औसारोड_24:
लई आभार सगळ्यांचे, इतकं सरळ कुणीच सांगितलं नव्हतं. अजून एक, 'मी दोन वर्षांपासून लातूरला राहायलोय' हे आय ॲम लिव्हिंग इन लातूर सिन्स टू इयर्स असंच होईल ना?

दुधनाकाठ:
नाही, इथं दोन दुरुस्त्या हायत. मागं सुरू झालं आन् अजून चालू हाय तर हॅव बीन लागतं, आय हॅव बीन लिव्हिंग. दुसरं, आपला 'पासून' दोन कामं करतो, इंग्रजीत ती दोघांत वाटलीत. सुरुवात कधी ते सांगायचं असलं तर सिन्स, सिन्स 2023, सिन्स मंडे. किती काळ ते सांगायचं असलं तर फॉर, फॉर टू इयर्स. पासूनच्या आधी आकडा मोजलेला काळ हाय का कॅलेंडरवरची जागा, एवढं बघायचं.

औसारोड_24:
बघा बरं हे. माय फादर इज अ फार्मर. ही हॅज बीन ग्रोइंग सोयाबीन फॉर फिफ्टीन इयर्स. आय ॲम प्रिपेअरिंग फॉर बँक एक्झाम्स. माय ब्रदर इज नोइंग तेलुगू.

उदगीरची_लेक:
पहिली तीन अगदी बरोबर भाऊ. चौथं परत बघा, त्याला तेलुगू येते, तो ती करत नाहीय. माय ब्रदर नोज तेलुगू. आत्ता शिकत असला तर मात्र इज लर्निंग म्हणा.

औसारोड_24:
शिकायलाय ताई. मग इज लर्निंग.