मदत हवी आहे: स्किन ओपीडीत बुरशीचे पेशंट किती, हे मोजायचं कसं?

त्वचा_रेसिडेंट (पुणे)
प्रबंधाचा विषय: पुण्यातल्या एका हॉस्पिटलच्या स्किन ओपीडीत येणाऱ्यांपैकी किती जणांना बुरशीचा संसर्ग आहे. जुलै ते सप्टेंबर नमुने घ्यायचा बेत आहे. टक्केवारी कशावर काढायची आणि किती पेशंट पुरेत? दिसायला पक्कं गजकर्ण, पण केओएच (खवले पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये विरघळवून सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी पाहायची तपासणी) निगेटिव्ह, असे पेशंट कुठे धरायचे? मसुद्यात ‘औषध चालू असलेले वगळावेत’ असंही आहे. ते ठेवू का?

आकडेमोड
आधी छेद ठरवा, म्हणजे टक्केवारी ज्या एकूण संख्येवर काढायची ती. गजकर्णवाला फेरतपासणीला पुन्हा पुन्हा येतो, चामखीळवाला बहुधा एकदाच. सगळे केस पेपर मोजलेत तर गजकर्ण आपोआप फुगणार. म्हणून फक्त नवे केस पेपर धरा. आणि जांघ, कंबर, काख तिन्हीकडे चट्टे असले तरी पेशंट एकच.

संख्या: 4×p×q÷d² (p म्हणजे अंदाजे प्रमाण, q म्हणजे 100 वजा p, d म्हणजे चालणारी चूक, सगळं टक्क्यांत). प्रमाण अंदाजे 20 टक्के धरलं आणि 5 टक्के इकडे-तिकडे चालणार असेल तर 4×20×80÷25 = 256. हे 256 म्हणजे ओपीडीतले सगळे नवे पेशंट, संशयित नव्हेत. त्यात बुरशीवाले पन्नासेकच निघतील, त्यावर बुरशीच्या जातींची तुलना करायला जाऊ नका. दर पाचवा नवा पेपर घ्या, पहिला 1 ते 5 मधून चिठ्ठी टाकून.

जुलै ते सप्टेंबर हा पुण्यात चिखल्यांचा आणि ओल्या कपड्यांचा मोसम. तेवढाच काळ घेतलात तर शीर्षकात ‘पावसाळ्यातील’ असं स्पष्ट लिहा, नाहीतर बारा महिन्यांवर पसरवा.

स्लाइडवाला
केओएच निगेटिव्ह आलं की पहिला संशय खरवडीच्या जागेवर घ्यावा. चट्ट्याच्या मधला भाग बरा होत आलेला असतो, बुरशी सरकत्या कडेला असते. 70 टक्के स्पिरिटने पुसा, पूर्ण वाळू द्या, मग ब्लेडच्या बोथट बाजूने कडेचे खवले काळ्या कागदावर पाडा. पांढऱ्या कागदावर किती पडले ते कळतच नाही. त्वचेला 10 टक्के केओएच, साधारण 20 मिनिटं. नखाला 20 ते 40 टक्के आणि काही तास. घाईने स्लाइड उकळू नका, स्फटिक होतात आणि नवख्याला तेच बुरशीचे तंतू वाटतात. सूक्ष्मदर्शकाचा कंडेन्सर (प्रकाश एकवटणारं खालचं भिंग) खाली घेऊन आधी 10, मग 40 ची भिंग. खरा तंतू सारख्या जाडीचा, आडपडदे असलेला आणि पेशींच्या सीमा ओलांडून जाणारा. पेशींच्या कडेकडेने फिरणारी जाळी बुरशी नव्हे.

नोंद करताना केओएच किंवा कल्चर (नमुन्यातली बुरशी प्रयोगशाळेत वाढवून पाहणं) यांपैकी एक पॉझिटिव्ह म्हणजे सिद्ध. दोन्ही निगेटिव्ह, पण चित्र पक्कं, तर संशयित. दोन्ही आकडे वेगळे द्या. कल्चर चार आठवडे पाहिल्याशिवाय निगेटिव्ह म्हणू नका.

त्वचा_रेसिडेंट (पुणे)
आणि औषध चालू असलेले वगळायच्या अटीचं काय?

आकडेमोड
वगळू नका. मेडिकलमधून ट्यूब आणून लावलेले पेशंट काढून टाकलेत तर ज्यांनी ओपीडी भरते तेच बाहेर गेले, उरलेली टक्केवारी कुणाची? औषध थांबवून नमुना घ्यायची अट कल्चरपुरती ठेवा, मोजणीला नको.

स्लाइडवाला
अनुमोदन. फक्त ‘क्रीम लावलं का: हो/नाही’ असा रकाना नको. ट्यूबच मागवा आणि बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन असं नुसतं स्टेरॉइड असेल तर कड पुसट होते, पण बुरशी माजते, स्लाइड गच्च भरलेली दिसते. सोबत अँटिफंगल मिसळलेलं असेल तर तीच स्लाइड कोरी येऊ शकते.

त्वचा_रेसिडेंट (पुणे)
शिब्यांचंही कल्चर लावू?

स्लाइडवाला
नको. शिब्यांची बुरशी म्हणजे मॅलेसेझिया. तिला तेल लागतं, साध्या सॅबुरॉडवर (बुरशी वाढवायच्या नेहमीच्या माध्यमावर) ती सहसा उगवत नाही. उगवली तरी निरोगी कातडीवरही ती असतेच. शिब्यांना केओएचमधले आखूड तंतू आणि गोल पेशींचे झुबके पुरे.