मदत हवी आहे: जुनं जग न मोडता नवं सेटिंग कसं सुरू करावं? (डन्जन्स अँड ड्रॅगन्स)

घागर:

नमस्कार मंडळी,

कोथरूडला आमच्या हॉलमध्ये एक रविवार सोडून एक रविवार डन्जन्स अँड ड्रॅगन्सचा, म्हणजे प्रत्येकाने एक पात्र घेऊन फासे टाकत गोष्ट पुढे नेण्याच्या खेळाचा, डाव बसतो. डीएम (गोष्ट आणि जग चालवणारी) मी, खेळणारे चौघे. फॅन्डालिन या खेड्यापासून सुरुवात केली त्याला चार वर्षं झाली, आणि आजही आम्ही फॉरगॉटन रेल्म्स या सेटिंगमध्येच (सेटिंग म्हणजे खेळाचं तयार जग) आहोत. मुख्य कथा गेल्या महिन्यात संपली. पुढचं कॅम्पेन, म्हणजे अनेक डाव चालणारी कथा, डार्क सनमध्ये घ्यावं असं माझ्या फार मनात आहे, आणि तिथेच घोडं अडलंय.

डार्क सन माहीत नसणाऱ्यांसाठी थोडक्यात: टीएसआर या खेळाच्या मूळ कंपनीने १९९१ साली काढलेलं सेटिंग. जगाचं नाव अथास. जादूगारांनी झाडाझुडपांतला जीव ओढून जादू केली आणि जमिनीची राख झाली. धातू इतका दुर्मीळ की नाणी भाजलेल्या मातीची आणि शस्त्रं हाडांची. देव नाहीतच. पाणी जिवापाड जपायचं.

मी मूळची लातूरची. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली तेव्हा मी घरीच होते. टँकरसाठी रात्री दोन वाजता हंडे रांगेत लागायचे. आजी तांदूळ धुतलेलं पाणी भांडी विसळायला ठेवायची आणि तेच पाणी शेवटी तुळशीला जायचं. अथासचं वर्णन पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, हे जग मला कुणी समजावून सांगायला नको.

मागच्या डावाला मी हे सगळ्यांना सांगितलं. मावसभाऊ लगेच तयार झाला. ऑफिसातल्या दोघांपैकी एकाला आधी नियम बघायचे आहेत. दुसरा म्हणाला, नवीन करायचंच तर आपल्याकडचं काहीतरी कर. शेजारच्या काकूंची मुलगी मात्र काहीच बोलली नाही. बारावीत होती तेव्हापासून ती खेळते आहे. तिचा ड्वार्फ क्लेरिक (देवाच्या कृपेने जादू करणारा बुटका पुजारी) आहे, दाढीला तांब्याच्या कड्या घालणारा. त्याने फॅन्डालिनमध्ये एक पडकी खानावळ विकत घेतली आणि त्या खानावळीची तिने चौकटीची वही ठेवली आहे. छपराला किती सोन्याची नाणी लागली, आचाऱ्याला किती दिले, कुठल्या सेशनला कोण गिऱ्हाईक आलं होतं, सगळं निळ्या पेनने, आणि उधारी लाल पेनने. मी अथासबद्दल बोलत असताना तिने ती वही मिटली, फासे एकेक करून थैलीत टाकले आणि "ताई, उद्या पेपर आहे" म्हणून उठली. पेपर पुढच्या महिन्यात आहेत, काकूंनीच सांगितलं.

तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय. कुणी जुन्या गटाला नव्या सेटिंगमध्ये नेलं आहे का? कसं नेलं? की नेऊच नये? आणि एक अडचण आहेच: अथासवर ड्वार्फांना दाढी नसते आणि क्लेरिकला देव नसतो. म्हणजे तिचं कॅरेक्टर जसंच्या तसं उचलून नेता येत नाही.

सातारकर:

ताई, मी खेळाच्या तिसऱ्या आवृत्तीपासून खेळतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

चाहते नव्या सेटिंगवर चिडतात असं सरसकट म्हणतात, ते मला पटत नाही. २००२ साली खेळाची आताची कंपनी विझर्ड्स ऑफ द कोस्टने नव्या सेटिंगसाठी प्रस्ताव मागवले. सुमारे ११,००० आले. त्यातून कीथ बेकर यांचं एबेरॉन निवडलं गेलं आणि २००४ मध्ये पुस्तक आलं. विजेवर धावणाऱ्या गाड्या, विचार करणारे यंत्रमानव. ड्रॅगनच्या खेळात आगगाडी कशाला, अशी कुरकुर झालीच. पण ज्याला नको होतं तो आपल्या रेल्म्समध्ये सुखाने खेळत राहिला. त्याचं कुणी काही काढून घेतलं नव्हतं.

आता २००८ बघा. चौथ्या आवृत्तीसाठी त्याच रेल्म्सवर स्पेलप्लेग (जादूचा महाप्रलय) आणली. त्या जगातल्या १३८५ साली जादूची देवी मिस्त्रा मारली गेली, आणि नवं पुस्तक उघडलं तर साल १४७९. जवळपास शंभर वर्षं गेलेली. लोकांनी वीस-वीस वर्षं ज्यांच्याबरोबर खेळ मांडला ती माणसं म्हातारी होऊन मेलेली, ओळखीचे देश गायब. तो राग किती खोल होता ते मी माझ्या गटात पाहिलं. आमच्यातल्या एकाने नवं पुस्तक घेतलंच नाही, २००१च्या पुस्तकावरच खेळत राहिला. पुढे पाचव्या आवृत्तीच्या वेळी 'संडरिंग' नावाची घटना घडवून बरंचसं जुनं परत आणावं लागलं.

तुमच्या डार्क सनचंही तेच झालं होतं. कादंबऱ्यांमध्ये मोठमोठे खलनायक मारून टाकले आणि १९९५च्या सुधारित पेटीत जग त्यापुढे नेलं. ज्यांना त्या खलनायकांशी आपल्या टेबलवर लढायचं होतं, त्यांच्यासाठी काय उरलं? २०१० साली पुन्हा काढताना घड्याळ मागे फिरवून टीर शहराचा जुलमी राजा कलाक नुकताच मेला आहे तिथे आणून ठेवलं.

म्हणून माझं म्हणणं, त्या मुलीला अथासबद्दल काहीही पटवू नका. आधी तिला सांगा की खानावळ आहे तिथेच आहे, आणि ती तुम्ही जाळणार नाही.

रात्रपाळी:

सातारकरांशी सहमत. फक्त एक भर. पोकळ नवेपणालाही लोक चिडतात. २०२२ चं स्पेलजॅमर (अवकाशातल्या जहाजांचं सेटिंग) आठवा. ६४-६४ पानांची तीन पुस्तकं, आणि जहाजांच्या सेटिंगमध्ये जहाजांच्या लढाईचे नियम जेमतेम. त्यात हॅडोझी या माकडासारख्या जमातीला गुलामगिरीचा नवा इतिहास चिकटवला होता. वर्णद्वेषाचा आरोप झाला, कंपनीला माफी मागून तो मजकूर काढावा लागला.

डार्क सनमध्ये गुलामगिरी पदोपदी आहे, तेव्हा सेशन झिरोला, म्हणजे खेळ सुरू होण्याआधीच्या बैठकीत, यावर बोलूनच घ्या. मी चालवलं तेव्हा कलाकच्या मृत्यूनंतरच्या टीरपासून सुरुवात केली. तिथे गुलाम नुकतेच मोकळे झालेले असतात. आता शहराला पाणी आणि धान्य कसं पुरवायचं, हाच खेळ होतो. लातूर पाहिलेल्या माणसाला ते छान जमेल.

उंबरठा:

ऑफिसातल्या त्या मित्राला माझ्याकडून सांगा, आपल्याकडचं म्हणून जे येतं ते आधी वाचून बघ. मॉन्स्टर मॅन्युअलमधला (खेळातल्या प्राण्या-राक्षसांच्या पुस्तकातला) राक्षस वाघाच्या तोंडाचा आणि उलट्या तळहातांचा आहे. आपल्याकडे पाय उलटे असतात, आणि तेही भुताचे! लहानपणी कोकणात आजोळी रात्री परसात जायचं तर आधी समोरच्याचे पाय बघायला शिकवलं होतं. तो राक्षस कित्येक दशकं तसाच चालत आलाय.

अलीकडे मात्र बरं काम झालंय. २०२१ च्या रेव्हनलॉफ्टच्या (भयकथांच्या सेटिंगच्या) पुस्तकात अजित जॉर्ज यांनी लिहिलेलं कालाकेरी हे राज्य आहे, भावंडांतल्या गादीच्या भांडणावर उभं राहिलेलं. २०२२ च्या 'रेडियंट सिटाडेल' या पुस्तकात कोलकात्याच्या मिमी मोंडल यांचं साहस आहे, बंगालच्या नद्यांचं. दोन्ही वाचताना परकं वाटलं नाही. मध्ये एखादा वन-शॉट (एकाच डावात संपणारी गोष्ट) यातला घेता येईल.

घागर:

सगळ्यांचे मनापासून आभार. सातारकर दादा, तुमचा प्रतिसाद वाचून मी काल संध्याकाळी तिच्याकडे गेले. अथासचा विषय काढलाच नाही. वही बघू म्हटलं.

तिने शेवटचं पान उघडलं. तिथे खानावळीच्या उधारीची यादी होती, आणि त्यात आमच्या सगळ्या कॅरेक्टर्सची नावं. मी रंगवलेला म्हातारा खाणकामगारसुद्धा होता, जो मला आठवतही नव्हता. म्हणाली, "ताई, कथा संपली हे मला माहितीये. पण यांच्याकडून पैसे कोण घेणार?" मग तिनेच विचारलं की ज्या जगात देव नाही तिथे क्लेरिक प्रार्थना कुणाची करतो. पृथ्वी, पाणी, अग्नी आणि वारा या महाभूतांची, असं मी सांगितलं. डार्क सनमध्ये खरंच तसं आहे. त्यावर ती बराच वेळ गप्प बसली आणि म्हणाली, पाण्याची करता येईल का.

आता ठरलंय ते असं. येत्या रविवारी फॅन्डालिनमध्ये एक अख्खं सेशन फक्त उधारी वसुलीचं. लढाई नाही. खानावळ चालू राहणार, वर्षातून दोनदा तिथे परत जायचं, आणि ते जग मी तिला विचारल्याशिवाय पुढे सरकवणार नाही. त्यानंतर टीर, नवी कॅरेक्टर्स घेऊन. तिची पाण्याची क्लेरिक असेल, बिनदाढीची ड्वार्फ.

रात्रपाळी, तुम्ही चालवलंय म्हणून विचारते: पाण्याचा हिशोब टेबलवर कसा ठेवत होता? प्रत्येकाच्या कागदावर आकडे लिहून ते कंटाळवाणं होईल अशी भीती वाटते. मधोमध खरा तांब्या ठेवून प्रत्येकाला त्यातून फुलपात्राने मोजून घ्यायला लावलं तर चालेल का?