ट्रॉमा थेरपीत वुजू-जिक्र: आधार की पळवाट?

किनारा: सिएटलच्या सोमाली समाजासोबत मशिदींत चालवण्यासाठी 'इस्लामिक ट्रॉमा हीलिंग' हा ६ सत्रांचा गट-कार्यक्रम बेतला गेला. चालवतात ती समाजातलीच प्रशिक्षित माणसं. अय्यूब, यूसुफ अशा पैगंबरांच्या कथांवर बोलायचं, मग आपली आघाताची आठवण ज्यानं त्यानं दुआतून अल्लाहपुढे मांडायची. म्हणजे एक्स्पोजरच की, टाळलेल्या आठवणीला सुरक्षितपणे सामोरं जाणं! आपल्याकडे मात्र अजून "दीर्घ श्वास घ्या"च्या पुढे गाडी जात नाही. वुजू, म्हणजे नमाजाआधीचं हातपाय धुणं, बघा: मनगटापर्यंत हात, चूळ, नाकात पाणी, चेहरा, कोपरापर्यंत हात, डोक्यावर ओला हात, घोट्यापर्यंत पाय. पाण्याचा स्पर्श, ठरलेला क्रम. भानावर आणायला आणखी काय हवं?

तिरकमठा: भानावर आणायला ठीक. पण आठवण सांगताना अस्वस्थता १० पैकी ८ वर गेली की क्लायंट जिक्र, म्हणजे अल्लाहचं नामस्मरण, करत तस्बीह (जपमाळ) ओढू लागतो, आकडा ३ वर येतो आणि थेरपिस्ट खूश. क्लायंट शिकला काय? "जिक्र केला म्हणून निभावलं." ही आठवण आपल्याला झेपते, हे शिकणं राहूनच गेलं. आणि ज्याला वस्वसा आहे, म्हणजे धुतलं की नाही ही शंकाच फिटत नाही, त्याला वुजू सुचवलंत तर तो कोपर तीनदा धुऊन थांबणार नाही.

किनारा: आठवण सांगताना मध्येच जिक्र नकोच. ३३ सुब्हानल्लाह, ३३ अल्हम्दुलिल्लाह, ३४ अल्लाहु अकबर हे सत्राच्या शेवटी, घरी निघण्याआधी. वस्वशाचं मान्य. वुजूला किती वेळ लागतो, पुन्हा करावं लागतं का, हे पहिल्याच भेटीत विचारायचं.

सांजवेळ: नमाजातल्या सजद्याचं कुणीच बोलत नाही. लैंगिक अत्याचार सोसलेल्या व्यक्तीला कपाळ जमिनीवर, मागे माणसं, मागचं काही दिसत नाही, एवढं फ्लॅशबॅकला, म्हणजे तोच आघात पुन्हा घडतोय असं वाटायला, पुरतं. शेवटची रांग किंवा घरी नमाज हा साधा उपाय. अगदीच जमत नसेल तर खुर्चीवर बसून मान झुकवायची मुभा मिळते का, ते जाणत्या इमामाला विचारावं. अत्याचार करणारा कुराण शिकवणारा असेल तर तिलावतच (कुराणपठण) नको. मुसलमान आहे म्हणून जिक्र, हे प्रिस्क्रिप्शन कुणी लिहू नये.

तिरकमठा: गटात कुणी "सब्र कर, अल्लाह परीक्षा घेतोय" म्हणालं की पीडितेचं तोंडच बंद होतं. चालवणाऱ्याला तिथल्या तिथे हे अडवता यायला हवं. नुसती श्रद्धा कामाची नाही. आणि रमजानात परस्पर गोळ्या सोडणारे?

किनारा: आजाऱ्याला रोज्यातून सूट कुराणातच आहे (२:१८४). तरी रोजा धरायचाच असेल, तर दिवसातून एकदाची गोळी इफ्तारनंतर चालेल का, हे रमजानच्या आधीच डॉक्टरांना विचारावं. दोनदाची असेल तर आपल्या मनानं एकत्र घेऊ नये.