मदत हवी आहे: स्पितीमधील चफ, पिवळ्या चोचीचा की लाल चोचीच्या जातीचे पिल्लू?

नमस्कार. मी ठाण्यात येऊरच्या पायथ्याशी राहते. जुलैच्या पहिल्या आठवड्यात हिमाचल प्रदेशातील स्पितीमध्ये, किब्बर या सुमारे ४,२०० मीटर उंचीवरील गावाजवळ टिपलेल्या एका पक्ष्याच्या ओळखीसाठी मला जाणकारांची मदत हवी आहे.

गावाबाहेरच्या कुरणात पंधरा-वीस चफ जमीन उकरत होते. हे पक्षी कावळ्याच्याच कुळातले. परंतु आपला गावकावळा रोज पाहणाऱ्या मला त्यांचे उडणे विलक्षण वाटले, कारण पंख फारसे न हलवता ते वाऱ्यावर तरंगत आणि दुसऱ्याच क्षणी पंख मिटून दरीत सूर मारत.

त्यांतील बहुतेक रेड-बिल्ड चफ होते, याविषयी शंका नाही. लांब, बाकदार, लालभडक चोच छायाचित्रांत स्पष्ट दिसते. अडचण एकाच पक्ष्याची आहे. त्याची चोच आखूड आणि पिवळसर नारिंगी असल्यामुळे मी त्याला यलो-बिल्ड चफ मानले आणि मला फार आनंद झाला, कारण एव्हरेस्टवर गिर्यारोहकांच्या मागोमाग ८,००० मीटरच्याही वर गेल्याची नोंद असलेला पक्षी तो हाच. घरी आल्यावर मात्र वाचनात आले, की रेड-बिल्ड चफच्या पिल्लांची चोचही सुरुवातीला आखूड आणि पिवळट नारिंगी असते. शिवाय दोन्ही जाती कधीकधी एकाच थव्यात चरतात, त्यामुळे सोबतीवरूनही निर्णय होत नाही.

बसलेल्या पक्ष्याची शेपटी मिटलेल्या पंखांच्या पुढे बरीच आलेली असेल तर यलो-बिल्ड, आणि पंखांची टोके शेपटीच्या टोकापर्यंत पोहोचत असतील तर रेड-बिल्ड, अशी एक खूण आहे. माझ्या छायाचित्रात ती पोहोचल्यासारखी वाटतात, पण पक्षी तिरका बसला आहे आणि पाय गवतात झाकले गेले आहेत. नुकत्याच उडू लागलेल्या पिल्लाला ही खूण लावणे योग्य आहे का? चोचीच्या रंगापेक्षा तिच्या बाकावर अधिक विसंबावे का? त्याच पक्ष्याचे उडतानाचे एक छायाचित्रही आहे. त्यात पंखांच्या टोकाची पिसे बोटांसारखी सुटी दिसतात, तेव्हा त्यावरून काही ठरवता येईल का?

आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवात मुलांसाठी पक्ष्यांच्या छायाचित्रांचे प्रदर्शन मांडायचे आहे आणि मुलांसमोर चुकीचे नाव जाऊ नये, अशी माझी मनापासून इच्छा आहे. तिन्ही छायाचित्रे खाली जोडली आहेत.