सह्या, मोर्चे यांनी अणुबॉम्ब खरंच कमी होतात का?

चिंचेखाली
मुलगी नववीत आहे, ६ ऑगस्टला शाळेत हिरोशिमावर बोलायचंय तिला. वाचता वाचता विचारते, बाबा एवढ्या लोकांनी विरोध केला तर बॉम्ब अजून आहेतच कसे, मग उपयोग काय झाला? मला काही सांगता येईना. शांतीचा संदेश वगैरे नको, लोकांमुळे खरंच काही बदललं असं एखादं उदाहरण आहे का कोणाकडे?

नीरफणस
आहे ना, तिला दुधाच्या दातांची गोष्ट सांगा. १९५० च्या दशकात अमेरिका रशिया उघड्यावर अणुबॉम्बच्या चाचण्या करायचे, त्यातला स्ट्रॉन्शियम-९० हा किरणोत्सारी पदार्थ पावसाबरोबर गवतावर पडायचा, गवत गाईच्या पोटात, तिथून दुधात. शरीराला तो कॅल्शियमसारखाच वाटतो म्हणून मुलांच्या हाडादातांत जाऊन बसतो. सरकार म्हणायचं काळजीचं कारण नाही. मग १९५८ मध्ये सेंट लुईस शहरातल्या डॉक्टरांनी आणि नागरिकांनी मिळून पडलेले दुधाचे दात मागायला सुरुवात केली, आपल्याकडे छपरावर फेकतात ते तिकडे आया पाकिटात घालून पाठवायला लागल्या, असे लाखो दात जमले, आणि चाचण्या वाढत गेल्या तसा दातांतला स्ट्रॉन्शियमही वाढत गेला हे तपासणीत उघड दिसलं. १९६३ ला हवेत, पाण्यात, अवकाशात चाचणी करायची नाही असा करार झाला. एकट्या दातांमुळे नाही झाला, पण आईबापांची भीती त्यामागे नक्की होती, अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष केनेडी टीव्हीवरच्या भाषणात मुलांच्या हाडांच्या कॅन्सरबद्दल बोलले होते.

पाटाचं पाणी
त्याच्याही आधी जपान. १ मार्च १९५४ ला अमेरिकेने पॅसिफिक महासागरातल्या बिकिनी बेटावर १५ मेगाटनचा बॉम्ब फोडला, म्हणजे हिरोशिमाच्या हजारपट, आणि मासेमारीला गेलेल्या एका जपानी बोटीवर पांढरी राख पडली, २३ खलाशी आजारी, त्यातला एकजण सप्टेंबरमध्ये वारला. बाजारातला ट्यूना फेकून द्यावा लागला. टोकियोच्या सुगिनामी भागातल्या गृहिणी बॉम्बविरोधी सह्या गोळा करायला लागल्या आणि १९५५ च्या ऑगस्टपर्यंत देशभरात ३ कोटींवर सह्या! नेहरूंनीही १९५४ च्याच एप्रिलमध्ये लोकसभेत चाचण्या थांबवा म्हणून मागणी केली होती, हे आपल्या मुलांना माहीतच नसतं.

रात्रपाळी
सगळं खरं, पण तिला अर्धवट सांगू नका. १९६३ नंतर चाचण्या जमिनीखाली चालूच राहिल्या, आपण त्या करारावर सही केलीय आणि पोखरणही जमिनीखालीच झालं. अमेरिका रशियातला १९८७ चा मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांचा करार २०१९ मध्ये मोडला. २०१७ च्या अण्वस्त्रबंदी करारात अण्वस्त्रवाला एकही देश नाही, आपणही नाही. मला याचीच भीती वाटते, मिळालेलं परत जातं आणि कोणी रस्त्यावर येत नाही.

नीरफणस
@रात्रपाळी बरोबर आहे तुमचं. तरी १९८६ च्या सुमारास जगात ७० हजारांच्या आसपास बॉम्ब होते ते आता १२ हजारांवर आलेत, आणि १९८२ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कला बॉम्बविरोधी मोर्चाला १० लाखांच्या आसपास लोक जमले होते तेव्हा हे कोणाला खरं वाटलं नसतं. १२ हजारही भयंकरच आहेत.

चिंचेखाली
खूप आभार सगळ्यांचे. दातांची गोष्ट तिला सांगितली तर म्हणाली, माझे दात कुठे आहेत? आईने डबीत ठेवलेत, आता ती डबी घेऊनच बोलायला उभी राहणार म्हणते.